स्टेशनं चार, वजनांची चळत एक: घरी मल्टी-जिम घेताना आणि जोडताना

प्रश्न: मी ४६ वर्षांची शिक्षिका. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहते, इमारत १९९४ सालची. साखर काठावर आहे म्हणून डॉक्टरांनी मला चालण्याबरोबर स्नायूंचा व्यायामही करायला सांगितलं आहे. यजमान ५१ वर्षांचे, त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. मुलगा १७ वर्षांचा, त्याला अंग कमवायचं आहे. सासूबाई ७२ वर्षांच्या. नणंदेचा ५ वर्षांचा मुलगा दुपारभर आमच्याकडे असतो. ४० हजारांपर्यंत मल्टी-जिम घ्यावं असं चाललं आहे. शेजारच्या विंगमधले एक गृहस्थ त्यांचं ६ वर्षं वापरलेलं मशीन १४ हजारांना देताहेत. यजमान म्हणतात, आपणच सोडवू आणि आपणच जोडू. मला धास्ती वाटते. त्यात सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, एवढ्या वजनाने स्लॅबला धोका आहे. काय करावं?
(एक वाचक, डोंबिवली)

ताई, नमस्कार.

तुम्ही घरातल्या प्रत्येकाचं वय आणि दुखणं आधी लिहिलंत, मशीनचं नंतर. हाच क्रम बरोबर आहे. अनेक घरांत आधी मशीन येतं, मग ते कुणी वापरायचं याचा विचार होतो, आणि वर्षभरात त्यावर टॉवेल वाळत पडतात. तुमच्याकडे तसं होऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घरगुती मल्टी-जिम म्हणजे मधोमध उभा सांगाडा, त्याच्या मागे दोन गुळगुळीत दांड्यांवर ओवलेली वजनाच्या पाट्यांची चळत (किती पाट्या उचलायच्या ते खाचेत पिन घालून ठरवायचं) आणि त्या चळतीला जोडलेली केबल. ही केबल पुल्यांवरून फिरवून वर लॅट पुलडाऊनच्या, म्हणजे पाठीसाठी वरून खाली ओढायच्या, आडव्या बारपर्यंत, समोर छातीच्या प्रेसपर्यंत (पुढे ढकलायचे हात) आणि बटरफ्लायपर्यंत (दोन्ही बाजूंनी छातीसमोर आणायचे हात), सीटखाली पाय सरळ करायच्या लेग एक्स्टेंशनपर्यंत आणि तळाशी रोइंगच्या, म्हणजे वल्ह्यासारखं स्वतःकडे ओढायच्या, पुलीपर्यंत नेलेली असते. स्टेशनं चार-पाच झाली तरी चळत एकच, त्यामुळे एका वेळी एकच माणूस व्यायाम करू शकतो. जाहिरातीत चार जण चार बाजूंनी मशीनला भिडलेले दिसतात ते दोन-तीन चळतींच्या मोठ्या मशीनवर, आणि ते तुमच्या खोलीत बसणार नाही. तुम्ही आणि यजमान दोघांसाठी एक चळत पुरेशी आहे. स्टेशनांची संख्या पाहून जास्त पैसे मोजू नका.

मुलाचं मात्र या मशीनने फार दिवस भागणार नाही, हे त्याला आताच सांगा. १७व्या वर्षी अंग कमवायचं तर जोर, बैठका, बारला लटकून वर येणं आणि पुढे मोकळ्या वजनांचे व्यायाम हवेत. ते कुणा जाणत्या माणसाच्या नजरेखाली शिकावेत. त्याला जवळच्या व्यायामशाळेत घाला. मशीनचा हिशेब तुम्हा दोघांसाठी करा आणि सासूबाईंसाठी थोडासा. त्यावर शेवटी येते.

आता वजनांचं. दुकानात '७२ किलो', '१०० किलो' असं ठळक लिहिलेलं असतं. तो आकडा चळतीचा असतो, तुमच्या हाताला लागणाऱ्या ओढीचा नसतो. केबल मधल्या एखाद्या हलत्या पुलीभोवती फिरून परत सांगाड्याला बांधलेली असेल तर ओढ जवळपास निम्मी होते आणि हाताला दुप्पट अंतर ओढावं लागतं. हे ओळखायची युक्ती सोपी आहे. एक पाटी लावा, बार सावकाश एक फूट खाली ओढा आणि चळतीकडे बघा. पाटी फूटभर उचलली गेली तर पूर्ण वजन लागतंय, अर्धा फूट उचलली गेली तर निम्मं. एकाच मशीनवर लॅट पुलडाऊनला एक हिशेब आणि बटरफ्लायला दुसरा असू शकतो. म्हणून 'आज ३० किलो मारले' हे दुसऱ्या मशीनवरच्या ३० किलोंशी ताडून बघू नका, स्वतःच्या मागच्या आठवड्याशी ताडून बघा.

वजनाच्या पाट्या दोन प्रकारच्या येतात. एक ओतीव लोखंडाच्या, दुसऱ्या प्लास्टिकच्या कवचात सिमेंट भरलेल्या. सिमेंटच्या पाट्या जाड असतात आणि आपटल्या की कवचाला तडा जातो. मग आतली भुकटी दांड्यांवर सांडते आणि चळत घासत वर-खाली होते. लोहचुंबक लावून बघा. ओतीव पाटीला वरून रंग किंवा पातळ रबर असलं तरी चुंबक धरतो.

शेजाऱ्यांच्या मशीनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पाट्या लोखंडाच्या असतील आणि सांगाडा सरळ असेल तर ते घ्या. ४० हजारांच्या बजेटमध्ये मिळणाऱ्या नव्या मशीनपेक्षा जुन्या चांगल्या मशीनचा पत्रा बरेचदा जाड असतो, आणि उरलेल्या पैशांत नव्या केबली, रबरी मॅट आणि चांगले पाने येऊन पैसे शिल्लक राहतील. मात्र पैसे देण्याआधी अर्धा तास त्या मशीनपाशी बसा. पंखा-टीव्ही बंद करायला सांगा, एकच पाटी लावा, प्रत्येक स्टेशन सावकाश ओढा आणि ऐका. एकसारखी घर्र चालेल, पण मधेच 'कट्' असा झटका बसत असेल तर पुलीचं बेअरिंग गेलंय किंवा केबलचा एखादा पदर तुटलाय.

मग केबलवरून बोटं फिरवा. आतला पोलादी दोर बाहेरून नायलॉनच्या किंवा पीव्हीसीच्या आवरणात असतो. आवरणाला चीर गेली असेल, कुठे फुगवटा आला असेल किंवा आतली तार चमकत असेल तर ती केबल बदलायचीच. सगळ्यात आधी झिजतात ती दोन्ही टोकं, जिथे केबल धातूच्या नळीत दाबून बसवलेली असते, आणि जो भाग सतत पुलीवर वळतो तो. सहा वर्षं वापरलेल्या मशीनच्या केबली चांगल्या दिसल्या तरी मी बदलायलाच सांगेन. जिमची मशीनं दुरुस्त करणारे कारागीर जुन्या केबलच्या मापाची नवी बनवून देतात, म्हणून जुनी केबल फेकू नका, नमुना म्हणून न्या. स्कूटरची क्लच केबल लावून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून परत फिरा. डोक्यावरून वजन ओढताना ती तुटली तर बार थेट तोंडावर येतो.

वेल्डिंगच्या जागी, विशेषतः सीटखाली आणि प्रेसचे हात जिथे लटकतात तिथे, रंगाला केसासारखी बारीक भेग दिसते का बघा. रंगावरच्या भेगेखाली बहुधा वेल्डला गेलेली भेग असते, आणि तसं मशीन फुकट मिळालं तरी आणू नका. दांड्यांवर वरवरचा गंज असेल तर तो घासून निघतो. डोंबिवलीच्या दमट हवेत तो येतोच. बोट फिरवल्यावर खड्डे लागले तर मात्र दांडी बदलावी लागेल.

सेक्रेटरींची शंका उडवून लावू नका, तिला उत्तर आहे. राहत्या खोल्यांच्या जमिनीसाठी भारतीय मानक आयएस ८७५ (भाग २, १९८७) दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो, वापराचा भार धरायला सांगतं. १० बाय १२ फुटांच्या खोलीत हा भार साधारण २,२०० किलो होतो. तुमचं मशीन पाट्यांसकट दीडशे किलो धरलं आणि वर ८० किलोंचा माणूस बसवला तरी २३० किलो, तेही साधारण ५ बाय साडेतीन फुटांच्या जागेवर. चौरस मीटरला १४० किलोंच्या आसपास. पुस्तकांनी ठासून भरलेलं लोखंडी कपाटही चार छोट्या पायांवर कमी भार टाकत नाही, आणि त्याला कुणी हरकत घेत नाही.

पण हा हिशेब स्लॅब धडधाकट असेल तरच लागू होतो. इमारत १९९४ची, म्हणजे ३० वर्षं उलटून गेली आहेत. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, ५ वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं ३ वर्षांतून एकदा व्हायला हवं. सेक्रेटरींकडे शेवटच्या ऑडिटचा अहवाल मागा आणि तुमच्या फ्लॅटबद्दल काही शेरा आहे का पाहा. खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या छताकडेही एकदा बघा. गिलावा फुगलेला, गळतीचे डाग, उघडी पडलेली सळई असं काही दिसलं तर मशीन थांबवा आणि आधी इंजिनियर बोलवा. वाद घालण्यापेक्षा हे दोन्हीकडच्या मनाला बरं.

बाल्कनीत मशीन ठेवायचा मोह होईल, कारण खोली मोकळी राहते. ठेवू नका. बाहेर काढलेली बाल्कनी एका कडेवर तोललेली असते, शिवाय पावसाची झड दांड्या आणि केबल दोन्ही खाते. खोलीत भिंतीलगतचा, तुळईजवळचा कोपरा निवडा. मागे दीड फूट मोकळं सोडा, नाहीतर चळतीपर्यंत हात पोचणार नाही. पुढे पाय सरळ करण्यापुरते तीन-साडेतीन फूट हवेत. खाली जाड प्लायवूड आणि त्यावर रबरी मॅट टाका. प्लायने भार पसरतो, मॅटने खालच्यांच्या डोक्यावरचा आवाज कमी होतो. स्लॅबला स्थिर वजनापेक्षा त्रास होतो तो सोडून दिलेली चळत धाडकन आपटण्याचा, आणि शेजाऱ्यांची तक्रारही त्याचीच असते. वजन उचललं तसंच सावकाश खाली ठेवायचं हा घरात पहिल्या दिवसापासून नियम करा.

आता जोडणी. तुमच्या यजमानांच्या मी पूर्ण बाजूने आहे. ज्याने स्वतःच्या हाताने नट आवळलेत त्याला पुढे मशीन जरा वेगळं वाजलं की लगेच कळतं, आणि कुठे हात घालायचा तेही कळतं. कंपनीचा माणूस तासाभरात जोडून जातो तेव्हा घरच्यांना यातलं काहीच मिळत नाही. नवं मशीन घेतलंत आणि वॉरंटीसाठी कंपनीचाच माणूस लागणार असेल तरी त्याच्या शेजारी बसा, प्रत्येक पाना त्याच्या हातात तुम्ही द्या.

जुन्या मशीनची खरी जोडणी ते सोडवतानाच सुरू होते. एकही नट सैल करण्याआधी मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो काढा. केबलचा मार्ग एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सलग व्हिडिओत घ्या: वरच्या पुलीवरून कुठे, कोणत्या बाजूने, मग कुठे. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही भागांवर कागदी चिकटपट्टी लावून सारखाच आकडा लिहा. बोल्ट काढला की वॉशर-नटासकट त्याच भोकात परत अडकवून ठेवा, किंवा सांध्याचा आकडा लिहिलेल्या पिशवीत टाका. लांबीत १०-२० मिलिमीटरचाच फरक असलेले बोल्ट एकत्र मिसळले की पुढचा अख्खा रविवार जातो. चळत एकदम उचलायची नाही. वरचा सांगाडा सुटला की एकेक पाटी काढून दोन-दोन करून न्या. लिफ्टमध्ये सगळ्यात लांब खांब मावतो का, हे आदल्या दिवशी टेपने मोजा.

हत्यारं भाड्याने आणा, उसनी आणा, पण खोक्यात येणारा पत्र्याचा पाना वापरू नका. तो घसरतो आणि बोल्टचं डोकं गोल करून ठेवतो. १७ आणि १९ मिलिमीटरचे पाने दोन-दोन लागतील, कारण एकाने डोकं धरायचं आणि दुसऱ्याने नट फिरवायचा. अ‍ॅलन कीचा संच, रबरी हातोडा, पाणसळ आणि एक ओळंबा जवळ ठेवा. पाणसळ-ओळंबा सुताराकडे किंवा गवंड्याकडे सहज मिळतो.

तळाचा सांगाडा आधी मॅटवर त्याच्या कायमच्या जागी ठेवा, नंतर तो सरकवता येणार नाही. पाणसळीने दोन्ही दिशांनी सपाटी बघा. उभा खांब लावा, ओळंबा सोडा. सगळे बोल्ट या टप्प्यावर हातानेच, नट जेमतेम धरेल इतके लावा. जोडणीत हाच नियम सगळ्यात जास्त मोडला जातो. पहिला सांधा कचकचून आवळला की शेवटच्या सांध्याची भोकं जुळत नाहीत, मग हातोड्याने ठोकाठोकी होते आणि सांगाडा कायमचा पिळलेला राहतो. सगळं उभं राहिल्यावर, भोकं जुळल्यावर, खालून वर जात एकेक आवळायचं. आतून नायलॉनचं कडं असलेला नट सुरुवातीपासून जड फिरतो, ते बरोबर आहे. जिथे भाग हलायला हवा, उदाहरणार्थ प्रेसचे हात, तिथे मात्र नट इतकाच आवळा की हात मोकळा झुलेल पण बाजूला डुगडुगणार नाही.

दोन्ही दांड्या कोरड्या कपड्याने पुसून तळाच्या खाचांत उभ्या करा. आधी रबरी कडी घाला, मग पाट्या एकेक करून वरून ओवा. पिन जाण्याची खाच सगळ्यांची एकाच बाजूला, पुढे येते ना ते प्रत्येक पाटीला बघा. एक पाटी उलटी गेली तरी पुन्हा सगळ्या काढाव्या लागतात. मग मधली भोकांची सळई आणि वरची पाटी. वरचा आडवा सांगाडा चढवताना तिघं हवेत: दोघं स्टुलावर, एक खाली दांड्या सरळ धरायला. त्याआधी छताचा पंखा बंद करा, बटणावर कागद चिकटवा. स्टुलावर उभं राहून हात वर गेले की ते पात्यांच्या टप्प्यात येतात.

केबल शेवटी. व्हिडिओ समोर ठेवून जा. प्रत्येक पुलीच्या खोबणीत केबल बसली आहे ना, आणि पुलीजवळची अडवणारी पिन किंवा पट्टी केबलच्या बाहेरून आहे ना, ते बोटाने चाचपा. केबलला पीळ राहू देऊ नका. मग ताण. वरची पाटी खालच्या पाटीवर टेकलेली असावी आणि केबलला ढिलाई नसावी, दोन्ही एकाच वेळी. पाटी अधांतरी राहिली तर केबल जास्त ताणली आहे, पिन नीट आत जाणार नाही. हात खाली येतो पण पाटी हलत नाही, असं सुरुवातीला झालं तर केबल सैल आहे. सळईच्या वरच्या टोकाला आटे असलेला बोल्ट असतो, तो फिरवून हे जुळवायचं आणि खालचा चेकनट (बोल्ट पुन्हा फिरू नये म्हणून असलेला नट) आवळून टाकायचा. त्या बोल्टचे आटे आत पुरेसे गेलेत ना, हे बघितल्याशिवाय पहिली पाटीसुद्धा उचलू नका. सगळं वजन त्याच आट्यांवर लटकतं.

पहिल्या दिवशी एकाच पाटीवर सगळी स्टेशनं चालवा. आठवड्याने सगळे नट पुन्हा तपासा, पहिल्या आठवड्यात थोडे बसतातच. नंतर महिन्यातून एकदा दांड्या पुसून सिलिकॉन स्प्रेचा हलका हात द्या. तेल किंवा ग्रीस लावू नका, त्यावर धूळ चिकटते आणि पाट्या अडकायला लागतात.

व्यायामाबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंचा व्यायाम सांगतात, चालण्याखेरीज. दोघांनी दोन किंवा तीन दिवस धरा. आकुंचन पावणारा स्नायू रक्तातली साखर वापरतो, म्हणून तुमच्या डॉक्टरांचा सल्ला अगदी योग्य आहे. त्यातही पाय आणि पाठ हे मोठे स्नायू आधी. यजमानांनी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं आणि वजन उचलताना श्वास कोंडू नये, ओढताना-ढकलताना बाहेर सोडावा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. लॅटचा बार मानेमागे ओढू नका, छातीसमोर ओढा, खांद्याला तेच सोसतं. सासूबाईंना तोल आणि गुडघे ठीक असतील तर एका पाटीवरचं बसून रोइंग नक्की करता येईल. मात्र सोबत कुणीतरी असावं, आणि मशीनपेक्षा खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं त्यांच्या जास्त कामाचं आहे.

आणि नणंदेचा मुलगा. पत्रातली माझी सगळ्यात मोठी काळजी तोच आहे. वर उचललेल्या पाट्यांच्या फटीत लहान बोट सहज जातं आणि पाट्या खाली येतात. चळतीला पुढून-मागून जाळी किंवा ॲक्रिलिकचा पत्रा बसवून घ्या, कोणताही फॅब्रिकेटर तो मापाने करून देईल. व्यायाम संपला की निवडीची पिन काढून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवायची, बार आणि हँडल हुकातून काढून ठेवायचे. पिन हरवली तर तिच्या जागी खिळा, स्क्रू ड्रायव्हर किंवा सुटा बोल्ट अजिबात घालू नका, त्याच मापाची नवी पिन मागवा, आणि ती येईपर्यंत मशीन बंद ठेवा.